गाडीला मोठी अलॉय व्हील्स बसवायचीत? आधी हा हिशोब मोबाईलवर करून बघा

उद्यमनगरात टायरच्या दुकानासमोर पाच मिनिटं उभं राहिलात तर एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "१५ची काढून १६ टाकू, की डायरेक्ट १७?" कोल्हापूरला गाड्यांचं वेड नवीन नाही. इथे कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि इथली पोरं देशपातळीवर रेसिंग करतात. पण रेसमध्ये कुठलं चाक चालेल हे नियमपुस्तिका ठरवते. रस्त्यावरच्या गाडीचं चाक मात्र बऱ्याचदा इन्स्टाग्रामवरचा फोटो ठरवतो.

मोठी चाकं टाकणं चुकीचं नाही. कंपनी स्वतःच वरच्या व्हेरियंटला मोठी चाकं देते. म्हणून या लेखात आपण 'फॅक्टरी अपग्रेड' समजून घेऊ, म्हणजे त्याच मॉडेलला कंपनीनेच दिलेला मोठा साइज आपल्या गाडीला बसवणं. उदाहरण घेऊ चाकणच्या कारखान्यात बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचं. पोलो जीटी ही काही खरी स्पोर्ट्स कार नव्हे, पण आपल्याकडच्या तरुणांसाठी ती बरीच वर्षं खिशाला परवडणारी स्पोर्ट्स कारच होती. २०२२ मध्ये पोलोचं उत्पादन थांबलं. आता सेकंड हँड गाडी घेऊन तिला चाकं बदलणारे बरेच आहेत.

टायरवरचे आकडे काय सांगतात?

पोलो जीटीला सुरुवातीला १८५/६० आर१५ टायर यायचे. याचा अर्थ असा:

१८५ – टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
६० – साइडवॉलची उंची, रुंदीच्या ६० टक्के. म्हणजे १११ मिमी.
आर – रेडियल बांधणी.
१५ – रिमचा व्यास, इंचांमध्ये.

पुढे ८४एच असं काही लिहिलेलं असतं. ८४ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरची क्षमता ५०० किलो. एच म्हणजे कमाल वेग ताशी २१० किमी. नवीन टायर घेताना हे दोन्ही कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी नकोत. भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर आयएसआयचा शिक्काही हवा.

मुख्य हिशोब: चाकाचा बाहेरचा व्यास

सूत्र सोपं आहे. रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक साइडवॉलची उंची गुणिले २. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतं.

मूळ साइज १८५/६० आर१५: व्यास ६०३ मिमी, साइडवॉल १११ मिमी.
नंतरच्या जीटीचा फॅक्टरी साइज १९५/५५ आर१६: व्यास सुमारे ६२१ मिमी, साइडवॉल १०७ मिमी.
परदेशातल्या पोलो जीटीआयचा साइज २१५/४० आर१७: व्यास सुमारे ६०४ मिमी, साइडवॉल ८६ मिमी.

आता गंमत बघा. नुसत्या व्यासाचा विचार केला तर १७ इंची सेट 'परफेक्ट' आहे, मूळ चाकापेक्षा फक्त एक मिलिमीटर मोठा. १६ इंची सेट मात्र तब्बल ३ टक्के मोठा. तरीही आपल्या रस्त्यांसाठी १६ हाच शहाणपणाचा साइज आहे. कारण तिसऱ्या आकड्यात, साइडवॉलमध्ये आहे.

खड्डा व्यास मोजत नाही, साइडवॉल मोजतो

रिम आणि रस्ता यांच्यामध्ये जे रबर असतं तीच तुमच्या चाकाची खरी गादी. चाक खड्ड्याच्या काठावर आदळलं की साइडवॉल दबते. ती पुरेशी उंच नसेल तर टायर रिम आणि काठ यांच्यात चिमटला जातो. मग टायरला फुगा येतो, रिम वाकते किंवा अलॉयला तडा जातो. फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले. असा टायर दुरुस्त होत नाही, तो वेगात कधीही फुटू शकतो.

१६ इंची फॅक्टरी सेटमध्ये ही गादी फक्त ४ मिमीने कमी होते. १७ इंचीमध्ये थेट २५ मिमीने. जुलैत गगनबावड्याकडे जाताना पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही, तेव्हा हे २५ मिमी आठवतात. शिवाय १६ इंची चाकाची त्रिज्या मोठी असल्याने गाडी सुमारे ९ मिमी उंच होते. गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर तेवढाही फरक कामी येतो.

पावसात आणखी एक मुद्दा आहे. नक्षी तेवढीच खोल असेल तर जास्त रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. त्यामुळे 'रुंद म्हणजे जास्त ग्रिप' हे कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी खरं असलं तरी पावसाळ्यात तसंच राहील असं नाही.

स्पीडोमीटर आणि मायलेज

गाडी वेग थेट मोजत नाही, ती चाकाचे फेरे मोजते. मूळ चाक एका किलोमीटरला सुमारे ५२८ फेरे घेतं, १६ इंची चाक सुमारे ५१३. गाडीच्या सॉफ्टवेअरला चाक बदललंय हे माहीत नसेल तर ते जुन्याच हिशोबाने वेग दाखवतं. जुन्या चाकावर मीटर १०० दाखवताना गाडी जितकी पळत होती, त्यापेक्षा आता ३ टक्के जास्त पळते.

घाबरायचं कारण नाही, कारण बहुतेक गाड्यांचे मीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, थोडं जास्त चालतं. पण ही फट ३ टक्क्यांनी कमी झाली, हे लक्षात ठेवा. तपासायला हायवेवर एकाच वेगाने जाताना शेजारी बसलेल्याला मोबाईलवर जीपीएस स्पीड बघायला सांगा. चालवणाऱ्याने बघू नये.

ओडोमीटरलाही तोच नियम. खरे १००० किमी झाले की मीटरवर ९७१ दिसतील. त्यामुळे 'चाकं टाकल्यापासून अॅव्हरेज पडलं' यातला काही भाग नुसता मोजमापाचा असतो. काही भाग खराही असतो, कारण मोठं चाक बहुधा जड असतं आणि ते फिरवायला जास्त ताकद लागते. पिकअपही किंचित मंदावतो. अनेक आधुनिक गाड्यांत स्कॅनर लावून नवा परिघ मीटरला सांगता येतो. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून बघा.

रिम 'बसते' म्हणजे 'जुळते' असं नाही

चार गोष्टी जुळाव्या लागतात.

१. पीसीडी: बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास. पोलोचा ५×१०० आहे. स्विफ्टचा ४×१००. त्याच ग्रुपच्या जेट्टा आणि ऑक्टाव्हियाचा ५×११२. ही चाकं एकमेकांना बसत नाहीत. मधले अॅडॅप्टर लावून बसवायच्या भानगडीत पडू नका.

२. सेंटर बोअर: रिमच्या मधलं भोक. पोलोचं ५७.१ मिमी. बाहेरच्या अलॉयचं भोक मोठं असेल तर त्यात योग्य मापाची हब रिंग हवी, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि ८०च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं.

३. ऑफसेट: रिमच्या आतल्या बाजूला ईटी आणि पुढे आकडा असतो. तो खूप कमी असेल तर चाक बाहेर येतं आणि फेंडरला घासतं. खूप जास्त असेल तर आत सस्पेन्शनला घासतं.

४. बोल्टचा बसका: याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. पोलोला नट नसून बोल्ट असतात, आणि कंपनीच्या रिमला गोलाकार बसक्याचे बोल्ट लागतात. बाजारातल्या बऱ्याच अलॉयना शंकूच्या आकाराचे लागतात. दोन्हींचे आटे सारखेच, त्यामुळे चुकीचा बोल्टही आरामात आवळला जातो, पण तो रिमला पूर्ण टेकत नाही.

माझ्या एका मित्राने कंपनीच्या रिम्स घेतल्या आणि जुन्या अलॉयचे शंकूवाले बोल्ट तसेच लावून घेतले. दुकानात कुणी तपासलं नाही, त्यानेही नाही. किणी टोलनाक्याच्या पुढे गाडी थरथरायला लागली. बाजूला घेऊन बघितलं तर एका चाकाचे दोन बोल्ट हाताने फिरत होते. गाडीत त्याची आई आणि बहीण होती. थांबला म्हणून निभावलं.

सेकंड हँड सेट घेताना

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, कास्टिंगला तडा गेला की वरून रंग मारून तो बरा होत नाही. बहुतेक अलॉय व्हील्स कास्टिंगचीच असतात. म्हणून:

– रिम आतल्या बाजूने धुऊन बघा. वेल्डिंगची खूण दिसली तर घेऊ नका.
– बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघा. वाकलेली रिम लगेच दिसते.
– टायरवरचा चार अंकी कोड वाचा. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२वा आठवडा.
– नक्षी कारसाठी कायद्याने किमान १.६ मिमी हवी. पावसाळ्यासाठी त्यापेक्षा बरीच जास्त बरी.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल करता येत नाहीत. म्हणूनच त्याच मॉडेलला भारतात कंपनीने दिलेला साइज हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. ओनर्स मॅन्युअल किंवा दाराजवळच्या स्टिकरवर तो साइज आहे का बघा आणि फोटो काढून ठेवा. विमा कंपनीलाही ईमेलने कळवा. अलॉयची किंमत पॉलिसीत अॅक्सेसरी म्हणून नोंदवलेली नसेल तर क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फक्त पुढची दोन चाकं बदलली तर?
नको. एबीएस चारही चाकांच्या फेऱ्यांची तुलना करतं. चारही व्यास सारखे हवेत.

स्टेपनी १५चीच राहिली तर?
चालते, पण फक्त टायरच्या दुकानापर्यंत, कमी वेगात. आणि स्टेपनीला लागणारे बोल्ट डिकीत वेगळे ठेवा.

बोल्ट किती आवळायचे?
पोलोसाठी १२० न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचने. नुसत्या एअर गनवर सोडू नका. ५० ते १०० किमी चालवल्यावर पुन्हा तपासा.

हवा किती भरायची?
नव्या साइजसाठी स्टिकरवर असेल तेवढी, टायर थंड असताना. कमी उंचीच्या टायरमध्ये हवा कमी ठेवणं म्हणजे रिम वाकवायला आमंत्रण.

थोडक्यात

दुकानात जाण्याआधी मोबाईलच्या नोट्समध्ये सहा गोष्टी लिहून घ्या: कंपनीचा मोठा साइज, लोड इंडेक्स, पीसीडी, सेंटर बोअर, ईटी आणि बोल्टचा बसका. समोरचा माणूस "बसतंय की, काय होत नाही" म्हणाला तर ही यादी त्याच्यासमोर धरा. सहाही जुळले तरच पैसे द्या.