भुलेखालील मेंदूच्या आलेखाची कुळकथा

भूल दिलेल्या रुग्णाच्या कपाळावर विद्युत्-अग्रे चिकटवून मेंदूच्या लहरी टिपण्याच्या पद्धतीचे मूळ सामान्यतः हान्स बर्गर यांच्यापाशी शोधले जाते. येना येथील या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत्-स्पंदनांचा पहिला आलेख, म्हणजे ईईजी, नोंदवला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. भुलेच्या मापनासाठी हा आलेख उपयोगी पडेल, असे अमेरिकेतील गिब्ज दांपत्य व विल्यम लेनॉक्स यांनी १९३७ मध्येच सुचवले होते. तरीही शस्त्रक्रियागृहात त्याची निकड भासली नाही, कारण ईथर देणारे भूलतज्ज्ञ श्वासाची लय, डोळ्यांच्या बाहुल्या आणि स्नायूंचा ताण पाहून भूल किती खोल आहे हे ओळखत, आणि आर्थर गुडेल यांनी या खुणांची पायरीवार मांडणीही करून ठेवली होती.

ही निकड निर्माण केली ती क्युरारेने. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावत असलेल्या या विषाचा अर्क मॉन्ट्रियल येथे हॅरल्ड ग्रिफिथ व एनिड जॉन्सन यांनी २३ जानेवारी १९४२ रोजी शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी वापरला, आणि थोड्या भुलेत मोठी शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. मात्र ज्या श्वासावरून व हालचालींवरून भूल ओळखायची तेच थांबल्यामुळे, रुग्ण आतून जागा असला तरी बोटही हलवू शकणार नाही, अशी भयंकर शक्यता उद्भवली. बर्गर यांनी साधन दिले हे खरे, पण या पद्धतीच्या जन्माचे कारण क्युरारे हेच मानले पाहिजे.

१९५० मध्ये मेयो क्लिनिकमधील रेजिनल्ड बिकफर्ड यांनी आलेखाच्या आधारे भुलेचे औषध आपोआप सोडणारे यंत्र रचले, परंतु लहरींचे वाचन तज्ज्ञांपुरतेच राहिले. अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेल्या 'बिस' या निर्देशांकाने ते ० ते १०० यांमधील एका आकड्यात आणले, आणि शस्त्रक्रियेसाठी ४० ते ६० ही मर्यादा रूढ झाली. हा आकडा म्हणजे जाणिवेचे प्रत्यक्ष मापन नव्हे. लहरींच्या गुणधर्मांवरून काढलेले ते अनुमान आहे, आणि कपाळाच्या स्नायूंची विद्युत्-क्रियाही त्यात मिसळते. म्हणूनच २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पूर्ण जागे असलेल्या स्वयंसेवकांना भूल न देता केवळ स्नायू सैल करणारे औषध दिले असता, तो ६० च्या खाली उतरला. अशा स्थितीत पडद्यावरील मूळ लहरी, विशेषतः प्रोपोफॉलच्या भुलेत कपाळाच्या भागात उमटणारी सेकंदाला ८ ते १२ आवर्तनांची अल्फा लय, स्वतः वाचता येणे प्रत्येक भूलतज्ज्ञाला अत्यावश्यक ठरते.