कोंबड्यांचं कोमट पाणी

२०१९ च्या जानेवारीत मी लेकीकडे मिनेसोटात होते. त्या महिन्याच्या ३० तारखेला मिनियापोलिसचा पारा शून्याखाली ३३ अंशांपर्यंत उतरला होता. (सेल्सियसच हं! तिथल्या फॅरनहाइटशी माझं कधी जमलंच नाही.) शाळा बंद, टपालवाटप बंद. आणि नेमकी शेजारीण आपल्या सहा कोंबड्या आमच्या लेकीवर सोपवून परगावी गेलेली.

कोंबड्यांच्या पाण्याखाली विजेवर तापणारी एक थाळी होती. ती त्याच दिवशी बंद पडली. जावईबापू इंटरनेटवर दुसरी शोधत बसले. मी म्हटलं, "अरे, चुलीवर पाणी तापवा आणि नेऊन घाला की!" लेक हसली, पण पातेलं चढवलंन. ती पाणी घेऊन जायची आणि मी खिडकीतून बघायची. दुधावर साय धरावी तसा त्या पाण्यावर बघता बघता बर्फ धरायचा. मग काळं रबरी घमेलं उलटं करून आपटायचं, बर्फाची वडी पाडायची, पुन्हा पातेलं. त्या दिवशी अशा पाच खेपा झाल्या.

तेव्हापासून डोक्यात बसलं, की वीज नव्हती तेव्हा ही माणसं काय करत होती?

आधी पाण्याचा हिशेब सांगते. अंड्यात वजनाने तीन चतुर्थांश पाणीच असतं. कोंबडी दिवसाला साधारण पाव लीटर पाणी पिते, म्हणजे दाणे खाते त्याच्या जवळजवळ दुप्पट. एखादा दिवस पाणी चुकलं की अंडी घटतात. त्यात हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून कोंबड्या आधीच कमी घालतात आणि त्यामुळेच तेव्हा अंड्याला भाव चढा. ज्याच्या घरी जानेवारीत अंडी, त्याच्या हातात पैसा. त्यामुळे पाणी गोठलं की नुसती कोंबडी तहानलेली राहायची नाही, वाण्याचं देणंही राहायचं.

सगळ्यात साधा उपाय आमच्याच घरात चालला होता, कोमट पाण्याच्या खेपा. अमेरिकेतल्या जुन्या बिडाच्या चुलींना एका बाजूला पाण्याची टाकी जोडलेली असे. आपल्या चुलीला वैल असतो ना, तसाच विचार. स्वयंपाक होता होता पाणी आपोआप तापायचं. सकाळी ते खुराड्यात न्यायचं, दुपारी बदलायचं, संध्याकाळी भांडं रिकामं करून ठेवायचं. रात्री ठेवायची गरजच नाही, कारण कोंबडी अंधारात पाणी पीत नाही, दांडीवर बसून राहते. पण संध्याकाळी भांडं रिकामं करायला विसरलात, तर सकाळी पत्र्याची बादली फुगून उसवलेली. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, त्यापुढे पत्रा काय करणार?

दुसरा उपाय म्हणजे उबदार पेटी. लाकडी खोक्यात लाकडाचा भुसा किंवा पेंढा ठासायचा, मध्ये भांडं बसवायचं, वर चोच जाईल एवढंच तोंड उघडं. तिसरा, भांड्याखाली रॉकेलचा लहानसा दिवा. हा उपाय चालतो खरा, पण सगळीकडे पेंढा पसरलेल्या खुराड्यात दिवा ठेवायचा म्हणजे रात्रीची झोप गेली. मिठाच्या पाण्याची बाटली भांड्यात तरंगत ठेवा, असंही लोक सांगतात. मला त्यात फारसं तथ्य दिसत नाही. बाटलीतलं मीठपाणी गोठत नाही हे खरं, पण ते बाहेरच्या पाण्याला ऊब कुठून देणार? फार तर हेलकाव्यांनी वरची साय थोडा वेळ मोडेल.

त्यापेक्षा मोठं भांडं बरं. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६० च्या दशकात दाखवून दिलं, की गोठताना पाणी पुष्कळ उष्णता बाहेर टाकतं. शून्य अंशाचं लीटरभर पाणी गोठताना जेवढी उष्णता देतं, तेवढ्यात दुसरं लीटरभर पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापेल! म्हणून तर शेतकरी तळघरात बटाट्यांशेजारी पाण्याचं पिंप भरून ठेवत. थंडी आधी पिंपाशी झुंजत बसे. ब्लॅकचं नाव त्यांतल्या किती जणांनी ऐकलं असेल कोण जाणे.

पाण्याची आणखी एक पंचाईत होती. कोंबडीच्या चोचीखालच्या लाल पाळ्या पिताना भिजतात, गोठतात आणि काळ्या पडून झडतात. मोठ्या तुऱ्याच्या लेगहॉर्नचे तर फार हाल. कॅनडात क्यूबेकमधल्या ओका गावच्या ट्रॅपिस्ट मठात ब्रदर विल्फ्रिड शातलेन नावाचे साधू होते. त्यांनी १९०८ च्या सुमारास कोंबडीच बदलायला घेतली. पाच जातींचा संकर करत करत १९१८ मध्ये त्यांनी 'शांतक्लेर' ही जात लोकांपुढे आणली. तुरा नावापुरता, पाळ्या इवल्याशा, आणि थंडीतही अंडी घालणारी. १९२१ मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने तिला मान्यता दिली. मला या माणसाचं फार कौतुक वाटतं.

पण खेपा कोण घालत होतं? बायका आणि मुलं. अमेरिकेतल्या शेतघरांत कोंबड्या बाईच्या आणि अंड्यांचे पैसेही बाईचे. त्यातून साखर, कॉफी, कापड यायचं. कोंबडखाद्याची छापील नक्षीची पोती निघाली, तेव्हा पोत्याचेच झगे शिवले त्यांनी.

१९३५ च्या ११ मे रोजी रूझवेल्टनी ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं. तेव्हा तिथल्या शहरांत दहातल्या नऊ घरांत वीज होती आणि शेतांवर दहातल्या जेमतेम एका घरात. पुढच्या वर्षी कायदा झाला, आणि वीस वर्षांत बहुतेक शेतघरांत दिवे लागले. 'न्यू डील' मी वर्षानुवर्षं शिकवलं. मुद्दे फळ्यावर लिहून दिले, मुलांनी पाठ केले. त्या विजेने कुणाच्या हातातली बादली खाली ठेवली, हे मला कधी सुचलंही नाही आणि कुठल्या मुलानं विचारलंही नाही.

बादली खाली ठेवली खरी. पण वीज आली तशी हजारो कोंबड्यांची मोठी खुराडी शक्य झाली. तिथे पाणी नळाने, उजेड दिव्याने, बारा महिने अंडी. एकट्या विजेमुळे नाही, पक्के रस्ते, शीतगृहं, तयार खाद्य, सगळंच जुळून आलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत घरच्या कोंबड्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर बाईचे अंड्यांचे पैसेही. ज्या दिव्यानं कष्ट वाचवले, त्यानंच तिची कनवटही रिकामी केली. बरं झालं की वाईट, मला ठरवता येत नाही.

ठरवता येत नाही याला कारण आहे. घरातल्या वाचकांना ठाऊक असेल, माझ्या अकरावीच्या परीक्षेची फी आजीनं भरली होती. वडिलांकडे तेव्हा पैसे नव्हते. आजीनं लुगड्याची गाठ सोडली आणि अंड्यांचे साठवलेले पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. आमच्याकडे पाणी गोठायची भीती नव्हती, आटायची होती. वैशाखात ती फुटक्या माठाच्या खापरीत पाणी घालून लिंबाच्या सावलीत ठेवायची, आणि सावली सरकली की खापरी सरकवायची. दिवसातून किती वेळा, ते मी मोजलं नाही.

असो. शेजारीण चार दिवसांनी परतली. तेवढ्या दिवसांत सहा कोंबड्यांनी मिळून तीन अंडी दिली होती. एक खुराड्यातच गोठून तडकलं. उरलेली दोन लेकीनं तिच्यासाठी जपून फ्रिजमध्ये ठेवली होती... गोठू नयेत म्हणून!