सर्फफलक
किनाऱ्याकडे येणाऱ्या सागरी लाटेच्या उतारावरून घसरत जाण्यासाठी वापरण्यात येणारी लांबट फळी. लाटांवर खेळण्याची प्रथा पॉलिनीशियात अनेक ठिकाणी होती. तथापि फलकावर उभे राहण्याचे कौशल्य आणि फलक घडविण्याची कला यांचा उत्कर्ष हवाई बेटांत झाला. जेम्स कुकच्या तिसऱ्या सफरीतील अधिकारी जेम्स किंग याने १७७९ मध्ये तेथे पाहिलेल्या या खेळाचे वर्णन केले आहे.

‘अलाइआ’ हा पातळ फलक कोआ अथवा नीरफणसाच्या लाकडाचा असे. ‘ओलो’ हा जाड, सुमारे ५ मी. लांबीचा फलक मात्र सरदारवर्गाचा. तो हलक्या विलिविली लाकडाचा करीत. विलिविली हा आपल्याकडील पांगाऱ्याच्याच प्रजातीतील वृक्ष होय. वृक्ष तोडताना त्याच्या बुंध्याशी कुमू हा तांबडा मासा अर्पण करीत. दगडी वाकसाने तासलेली फळी प्रवाळाच्या तुकड्यांनी घासून, रंगवून तीत कुकुईच्या बियांचे तेल मुरवीत. ऱ्हासाचे खापर सामान्यतः १८२० मध्ये आलेल्या मिशनऱ्यांवर फोडले जाते. परंतु बाहेरून आलेल्या साथींनी मूळ लोकसंख्येची केलेली वाताहत हे अधिक मूलगामी कारण मानावे लागते.

जुन्या फलकांच्या तळाला पर नसे. त्यामुळे उभ्या लाटेवर मागचा भाग बाजूला घसरे. होनोलूलूच्या बिशप संग्रहालयातील प्राचीन फलकांचा अभ्यास करणाऱ्या टॉम ब्लेक याने पोकळ फलकाचे एकस्व १९३२ मध्ये मिळविले व १९३५ मध्ये फलकाच्या तळाला पर बसविला. या साध्या वाटणाऱ्या सुधारणेचे महत्त्व पोकळ फलकाहूनही अधिक ठरले. पुढे कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ग्रीनो याने १९६० च्या दशकात ट्यूना माशाच्या शेपटीवरून अरुंद, लवचिक पर तयार केला. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसन याने तीन परांच्या फलकावर १९८१ ची बेल्स बीच स्पर्धा जिंकली आणि ती रचना सर्वत्र रूढ झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्सा लाकडावर काचतंतूंचे कापड व रेझीन यांचे आवरण देऊ लागले. १९५० च्या दशकाअखेर बाल्साची जागा पॉलियुरेथेन फेसाने घेतली. कारागीर गिऱ्हाइकाचे वजन, कौशल्य व तेथील लाटा पाहून साच्यातील गाभा रंध्याने उतरवितो. खोलीत दिवे कमरेच्या उंचीवर, भिंतीलगत लावतात. तिरप्या प्रकाशात उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि डोळ्याला न दिसणारी चूक उघड होते. कडा गोल ठेवल्यास पाणी तिला धरून वाहते, धारदार ठेवल्यास सुटते. पर काचतंतूंच्या थरांचा असतो. तो घासताना थरांच्या कडा नकाशावरील समोच्च रेषांप्रमाणे उमटतात व दोन्ही बाजू जुळल्या की नाही हे त्यांवरूनच कळते. बाजूच्या परांचा आतला पृष्ठभाग बहुधा सपाट व बाहेरचा फुगीर ठेवतात.

संगणकनियंत्रित यंत्रे आता बहुतेक कातकाम करतात, हात शेवटच्या घासणीपुरता उरतो. मात्र यंत्रात भरलेला आकारही मुळात कुणा कारागिराच्याच अनुभवातून आलेला असतो. गाभे पुरविणारी अमेरिकेतील सर्वांत मोठी कंपनी क्लार्क फोम ५ डिसेंबर २००५ रोजी अचानक बंद पडली, तेव्हा अनेक छोट्या कारखान्यांपुढे कच्च्या मालाचा प्रश्न उभा राहिला. योगायोगाने त्याच वर्षी पांगाराकुलातील झाडांवर गाठी आणणारी सूक्ष्म गांधीलमाशी हवाईत आढळली व विलिविलीची असंख्य झाडे मेली. २००८ मध्ये तिच्यावर जगणारा आफ्रिकी कीटक सोडण्यात आल्यावर उरलेली झाडे सावरू लागली.