गेट्सचे न सुधारलेले तोंड

भिवंडी रोड हे वसई–दिवा मार्गावरचे स्टेशन. सी भाषेतल्या प्रोग्रामने हे नाव स्कॅनएफच्या साध्या पद्धतीने वाचले, तर मोकळ्या जागेपाशी गाडी थांबते आणि हाती नुसते ‘भिवंडी’ लागते. म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये पोरे सर्रास गेट्स हे सीचे फंक्शन वापरत. ते अख्खी ओळ उचलते. रोमन लिपीत या नावाची अक्षरे १२, मधली जागा १ आणि शेवटचे शून्य १, म्हणजे १४ खाने. अ‍ॅरे १० खान्यांचा असेल, तरी गेट्स उरलेले ४ बाइट शेजारच्या मेमरीत बिनदिक्कत लिहून टाकते.

थांबायचे कुठे, हे त्याला कुणी सांगतच नाही. आर्ग्युमेंट एकच: अ‍ॅरेचा पत्ता.

गंमत म्हणजे सुधारलेला भाऊ घरातच होता. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या १९७९च्या सातव्या आवृत्तीत गेट्सच्या जोडीला एफगेट्सही होते आणि ते लांबी मागून घेई. तरी लोक सोपे ते वापरत राहिले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने सोडलेला ‘वर्म’ ज्या वाटांनी पसरला, त्यांतली एक गेट्सची होती. गेट्सने वाचणाऱ्या फिंगर सेवेच्या ५१२ बाइटांच्या बफरात वर्मने ५३६ बाइट कोंबले. मॉरिसचे वडील बेल लॅब्जमध्ये युनिक्सवरच काम केलेले!

मग गेट्सला दुसरे आर्ग्युमेंट जोडून का टाकले नाही? फंक्शनचे पोट बदलले तर कुणाला कळतही नाही. तोंड, म्हणजे आर्ग्युमेंटांची यादी, बदलले की त्याला हाक मारणारी प्रत्येक ओळ बदलावी लागते. स्वतःच्या कोडमधले हेल्पर फंक्शन असेल तर हे जमते. १९८९च्या अ‍ॅन्सी सीने सी प्लस प्लसकडून प्रोटोटाइप घेतल्यापासून चुकलेला प्रत्येक कॉल कंपायलरच दाखवतो. त्याआधी आर्ग्युमेंट कमीजास्त झाले तरी तो गप्प बसे. गेट्सचे कॉल मात्र जगभर विखुरलेले, त्यामुळे त्याच १९८९च्या मानकाने त्याला जसेच्या तसे ठेवले. १९९९च्या मानकातही ते टिकले, २००७च्या दुरुस्तीत नकोसे ठरले आणि २०११मध्ये एकदाचे गेले.

आपल्याकडे ते त्यानंतरही भेटत राहिले. टर्बो सी हा बोरलँडचा १९८७चा कंपायलर. त्याची निळी खिडकी आणि बाजूला नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’, असा कित्येक लॅबचा थाट असे. लिनक्सवर लिंकर धोक्याचा इशारा देई, टर्बो सी हूं की चूं करत नसे.

जुन्या कोडमध्ये गेट्स काढून एफगेट्स घालताना एक बघा: ओळीच्या शेवटचे एंटरचे चिन्ह गेट्स टाकून देते, एफगेट्स अ‍ॅरेतच ठेवते. ते आपल्यालाच काढावे लागते.