कड्याच्या रात्री आणि सिंबिडियमची पानं

थंडी मागणारी ऑर्किड मराठवाड्यात जगत नाहीत, असं नर्सरीवाले सांगतात, बागेची हौस असणारेही सांगतात. नगरहून आष्टीकडे जाताना लागणाऱ्या कडा या गावाचं नाव काढलं, तर वाद संपलाच असं समजतात. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. गाव पर्जन्यछायेतलं, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, दुपारची हवा कोरडीठाक आणि पाण्याची ओढ कायमची. यातलं प्रत्येक विधान मला मान्य आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही, कारण तो दुपारच्या पाऱ्यावर उभा आहे आणि या झाडांचं जगणं-मरणं बहुतांशी रात्री ठरतं.

पान दिवसा उजेडात साखर तयार करतं आणि रात्री श्वसनात त्यातली काही खर्च करतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. डोंगरातल्या गार रात्रींना सरावलेलं झाड उकाड्याच्या रात्री दिवसाची बरीचशी कमाई जाळून टाकतं. ते एका दिवसात मरत नाही. नवे कोंब बारीक येतात, पानं आखूड होत जातात आणि वर्ष-दोन वर्षांत झाड संपतं. सिंबिडियम या थंडीच्या ऑर्किडला फुलाचा दांडा धरायलाही १० ते १५ अंशांच्या आसपासच्या रात्री लागतात, आणि दिवस त्याहून बरेच उबदार असले तरी चालतात.

आता कड्याचा हिवाळा पाहा. पठाराची उंची, कोरडी हवा, निरभ्र आकाश. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच उष्णता सोडून देते आणि डिसेंबर-जानेवारीत बीड जिल्ह्यातल्या रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात. मुंबई-कोकणच्या दमट रात्रींना हे जमत नाही. ऑर्किड म्हणजे कोकण हे समीकरण सह्याद्रीच्या पायथ्याच्या जातींना लागू पडेल, थंडीच्या जातींना नाही. हिमालयाच्या पायथ्याचं डेंड्रोबियम नोबिले तर पावसाळ्यात ऊब आणि ओल, हिवाळ्यात गारवा आणि कोरड असंच ऋतुचक्र मागतं. आपलं ऋतुचक्र याहून फार वेगळं नाही. हिवाळ्यात त्याची बरीच पानं पिवळी पडून गळतात. माणसं घाबरून पाणी आणि खत वाढवतात, मग कळ्यांच्या जागी कांड्यांवर पिल्लं फुटतात. ती पानगळ रोग नव्हे. तेव्हा पाणी तोडणं हाच उपाय.

उरतो उन्हाळा. प्रतिपक्षाचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर नुसत्या बाष्पीभवनाने पारा बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरू शकतो. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर कितीही पाणी उडवा, अठ्ठावीसच्या खाली जाता येत नाही. माठातलं पाणी कड्यात गार होतं आणि रत्नागिरीत जेमतेम, त्याचं कारण हेच. ज्या कोरडेपणाला शाप म्हटलं जातं, तोच इथे गारव्याचं साधन आहे. मात्र ज्या गावात टँकर येतो तिथे झाडांसाठी दिवसभर कूलर चालवणं मला पटत नाही, आणि त्याची गरजही नाही. भिंतीची सावली, शेतकऱ्याच्या ओळखीचं शेडनेट, संध्याकाळी कुंड्यांखाली ओली वाळू आणि भोवती ओलं गोणपाट एवढ्यावर दोन-चार झाडं सांभाळता येतात. रात्री ती स्लॅबवर ठेवू नयेत, कारण तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत आग ओकतो. अंगणात, भिंतीपासून दूर, उघड्या आभाळाखाली लाकडी फळीवर ठेवावीत.

समजुतीने झाडं मारण्याचा हा प्रकार नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये सगळी ऑर्किड उष्ण जंगलातली समजून कोंदट, तापवलेल्या काचघरांत कोंडली जात आणि डोंगरातल्या जाती तिथे शिजून मरत. पुढे जेम्स बेटमनसारख्यांनी गार, खेळत्या हवेचा आग्रह धरला. ओडोंटोग्लॉसम या डोंगरी ऑर्किडवरचा बेटमन यांचा ग्रंथ १८६४ ते १८७४ या काळात निघाला. तिथे झाडं गरम मानून उकडली गेली, इथे थंड मानून ती आणलीच जात नाहीत. रात्रीचा पारा दोन्हीकडे कुणी पाहिला नाही.

पानांबद्दलची समजूत तर आणखी घातक. गर्द हिरवं पान म्हणजे निरोगी, असं धरून लोक झाड अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. सिंबिडियमचं निरोगी पान पोपटीकडे झुकतं. गर्द हिरवा रंग उजेड कमी पडल्याचं सांगतो आणि असं झाड फुलायला नाखूश असतं. टोकं करपली की दोष उन्हावर जातो, पण ऊन पानाच्या मधल्या, वर आलेल्या भागावर डाग पाडतं. टोकापासून मागे सरकणारा काळेपणा बहुतेकदा क्षारांचा. आपल्या बोअरचं पाणी जड. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो, तोच मुळांशीही साचतो. यावर पावसाचं पाणी उत्तम. दहा चौरस मीटर पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर होतात, त्यातलं निम्मं साठलं तरी चार-पाच कुंड्यांना महिनोन्‌महिने पुरतं. ते संपलं की गावात मिळणारं आरओचं जारचं पाणी चालतं.

पानाची खालची बाजू चंदेरी, ठिपकेदार दिसली तर तो लाल कोळी. कोरड्या उष्ण हवेत तो झपाट्याने वाढतो आणि इथला खरा शत्रू तोच. लोक त्यावर बुरशीनाशक फवारतात, ज्याचा कोळ्यावर सहसा उपयोग नाही. सकाळी पानांची खालची बाजू पाण्याने धुवावी, पण पाणी कोंबाच्या पोटात साचू देऊ नये, नाहीतर कुज लागते.

सगळ्याच जाती कड्यात जगतील असं माझं म्हणणं नाही. अँडीजच्या धुक्यातलं मॅसडेव्हालिया बाराही महिने गार रात्री मागतं. मे महिन्यात ते अंगणातल्या फळीवर तगणार नाही आणि एका झाडासाठी एसी लावायला मी कुणाला सांगणार नाही. सिंबिडियम आणि नोबिले यांच्याबाबत मात्र नकार देण्याआधी निदान एक हिवाळा पहाटेच्या पाऱ्याची नोंद ठेवावी.