नागिणीची पुंगी आणि विजेचें वाद्य

गेल्या वैशाखांत एका आप्ताच्या कन्येच्या विवाहानिमित्त रिद्धपुरास जाण्याचा योग आम्हांस आला. मोर्शी तालुक्यांतील हें गांव म्हणजे महानुभावांचें परम पवित्र स्थान. श्रीगोविंदप्रभूंचें वास्तव्य येथें होतें, म्हाइंभटानें लीळाचरित्राची जुळणी येथेंच केली, आणि गोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा झाला तेव्हां महदंबेनें जे धवळे रचून गायिले, त्यांतूनच मराठींतील आद्य कवयित्रीचा शब्द आपल्या कानीं येतो. लग्नांतील गाण्यास या गांवीं सातशें वर्षांहून अधिक जुनी परंपरा आहे, असा विचार मनांत घोळवीत आम्ही वरातीबरोबर चाललों होतों.

वरातीपुढें ट्रॅक्टरची ट्रॉली होती. तींत भिंतीएवढे कर्णे रचलेले, दोन ढोल, एक ऑक्टोपॅड, आणि मध्यभागीं पन्नाशीच्या घरांतील एक वादक आडवी स्वरपेटी मांडून उभा. आवाज असा, कीं छातीचे ठोके आपले कीं ढोलाचे याचा निर्णय होईना. आमच्या शेजारीं चालणारे वधूचे आजोबा अखेर वैतागले. "हे काय वाजवून राह्यले बाप्पा! नुसता विजेचा कल्ला. आमच्या वक्ताले नागीन वाजे, पुंगीवानी. थे खरं वाजन!" ट्रॉली तेवढ्यांत थांबली होती, वादकानें तें ऐकलें, आणि तो खालीं वांकून मोठ्या अदबीनें म्हणाला, "आबाजी, नागीनच तर वाजवून राह्यलो!"

सर्वांस हंसूं आलें, आजोबांसही आलें. पण पुढें रात्रभर आम्हांस ती गोष्ट सोडीना. वादक खरें बोलला होता. परंतु त्याच्या बोलण्यांत त्यालाही ठाऊक नसलेलें आणखी एक सत्य होतें. आजोबांच्या तरुणपणींची ती 'खरी' नागीण, जिच्या नादावर दांतांत रुमाल धरून वऱ्हाडांतील तीन पिढ्या डोलल्या, ती जन्मतःच विजेची होती.

१९५४ सालीं 'नागिन' हा हिंदी बोलपट निघाला. त्याचें संगीत हेमंतकुमारांचें. लता मंगेशकरांच्या ज्या गीतानें तो देशभर गाजला, त्या गीतांतील पुंगी गारुड्याच्या पुंगीवर वाजविलेली नाहीं. हेमंतकुमारांच्या वाद्यवृंदांतील कल्याणजी वीरजी शहा, म्हणजे पुढें कल्याणजी-आनंदजी या जोडीनें प्रसिद्धीस आलेले संगीतकार, यांनीं ती क्लॅव्हिओलीन नांवाच्या वाद्यावर वाजविली. रवि यांची पेटी तिच्या जोडीस होती. क्लॅव्हिओलीन हें कॉन्स्टंट मार्टिन नामक फ्रेंच गृहस्थांनीं १९४७ च्या सुमारास सिद्ध केलेलें वाद्य. त्यांत भाता नाहीं, तार नाहीं, चामडें नाहीं. रेडिओंत असतात तशा व्हॉल्व्हांच्या साह्यानें विद्युत्प्रवाहास कंप द्यावयाचा, तो कंप निरनिराळ्या गाळण्यांतून गाळून घ्यावयाचा, आणि कर्ण्यांतून नादरूपानें बाहेर काढावयाचा, एवढीच त्याची रचना. कोणतें सप्तक आणि कोणती गाळणी घ्यावी हें खटक्यांनीं ठरे, व त्याप्रमाणें सनई, व्हायोलिन इत्यादिकांच्या जातीचा नाद निघे. एका वेळीं त्यांतून एकच स्वर निघतो. स्वरसंघावर पोसलेल्या युरोपियन कानास हा उणेपणा वाटावा. पण ज्या संगीतांत एकाच स्वराच्या मागून दुसरा एकच स्वर चालावयाचा, त्यास तो मुळींच अडचणीचा नव्हता. कल्याणजींनीं त्या यंत्रांतून नेमका पुंगीचा नाकांतला, चिरका, डोलविणारा आवाज शोधून काढला. या शोधाचें महत्त्व आम्हांस एखाद्या नव्या रागाच्या निर्मितीइतकेंच वाटतें. वाचकांस ही अतिशयोक्ति वाटल्यास आमचा नाइलाज आहे.

पुढें गांवोगांवच्या बँडपथकांनीं ती धून ऐकून क्लॅरिनेटवर बसविली. म्हणजे यंत्रानें पुंगीची नक्कल केली, क्लॅरिनेटनें यंत्राची नक्कल केली, आणि रिद्धपुरच्या वरातींत पुनः यंत्रानें क्लॅरिनेटची! यांतील अस्सल कोणतें आणि नक्कल कोणती, हें ठरविण्यास आम्ही तरी धजणार नाहीं.

विजेच्या वाद्यांविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत जे दोन समज रूढ आहेत, एक हा कीं तीं कालपरवां आलीं, आणि दुसरा हा कीं तीं आपल्या संगीतास परकीं आहेत, ते दोन्ही या एका धुनेपुढें टिकत नाहींत. अर्थात् परकेपणाचा आरोप नवा नव्हे. आज जी पेटी आपल्याला देवघरांतील समईइतकी घरची वाटते, तिनेंही तो सोसला आहे. पॅरिसच्या दबँ यांनीं १८४२ मध्यें हार्मोनियमचें पेटंट घेतलें; मराठी रंगभूमीनें तें वाद्य आपलेंसें केलें; 'मानापमाना'स १९११ सालीं चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतःच पेटीचे बादशहा होते. तरीही १९४० च्या मार्चपासून आकाशवाणीनें पेटीस जें दार बंद केलें तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. आक्षेप सर्वस्वीं खोटा नव्हता. पेटीच्या पट्ट्या म्हणजे जिन्याच्या पायऱ्या: षड्जावरून ऋषभावर पाय टाकतां येतो, पण मधल्या उतारावरून घसरत जातां येत नाहीं. मींड नाहीं, म्हणून मान नाहीं, असा तो न्याय.

या न्यायनिष्ठुर काळांतच 'नागिन' गाजला हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्या वेळीं नभोवाणी-खात्याचे मंत्री आमचेच डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. त्यांनीं चित्रपटगीतांस आकाशवाणीवर जवळजवळ मज्जाव केला होता. श्रोते मुकाट्यानें रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ सालीं विविधभारती सुरू झाली तेव्हां कोठें सरकारनें तह केला. सारांश, पेटीला बंदी आणि चित्रपटगीताला मज्जाव अशा दुहेरी पहाऱ्यांतून ती विजेची पुंगी निसटली, आणि थेट लग्नमंडपांत येऊन बसली.

मींडेचा आक्षेप मात्र पुढें एका यंत्रानेंच निकालांत काढला. १९६४ मध्यें रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्यानें जो सिंथेसायझर रचला, त्यांत स्वराची उंची विद्युद्दाबावर अवलंबून असते: दाब वाढवा, स्वर चढतो, उतरवा, उतरतो. दाब पाण्याच्या पातळीप्रमाणें सलग वाढवितां येत असल्यामुळें दोन स्वरांमधील सर्व वाट मोकळी झाली. पेटीला जें साधलें नाहीं तें या तारांच्या जंजाळास साधलें! असें एक यंत्र १९६९ सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत येऊन दाखल झालें. तें बसविण्यास डेव्हिड ट्यूडर हे अमेरिकन संगीतकार आले होते, आणि या उपक्रमामागें पखवाजवादनांत निपुण असलेल्या गीता साराभाई होत्या. याच बाईंनीं १९४६ मध्यें न्यूयॉर्कला जॉन केज यांस भारतीय संगीताचे पाठ दिले होते. त्या स्वतः, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनीं तेथें तीनचार वर्षें प्रयोग केले, ध्वनिफिती भरल्या, आणि मग सारें थांबलें. त्या फिती संस्थेच्या संग्रहांत तशाच पडून राहिल्या. पॉल परगस या ब्रिटिश संशोधकानें त्या शोधून काढल्या, व त्यांतील निवडक भाग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. मध्यें पन्नास वर्षें लोटलीं होतीं.

दुसरी कथा याहून चमत्कारिक आहे. चरणजितसिंग हे मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंतील गिटारवादक. त्यांनीं १९८२ मध्यें 'टेन रागाज टु ए डिस्को बीट' या नांवाची तबकडी एच. एम. व्ही. साठीं केली. ललत, तोडी, यमन, मालकंस आदि दहा राग. पण साथीस तबला नाहीं, तानपुरा नाहीं. जपानच्या रोलँड कंपनीचीं तीन यंत्रें एकमेकांस जोडलेलीं: एक ठेका धरणारें, एक खर्जाचें आवर्तन फिरविणारें, आणि एक राग गाणारें. त्यांतील खर्जाचें यंत्र, टीबी-३०३, एकट्यानें सराव करणाऱ्या वादकास साथ मिळावी म्हणून बनविलेलें. ज्या कामासाठीं तें निघालें त्या कामांत तें कोणास आवडलें नाहीं, आणि १९८४ मध्यें कंपनीनें त्याचें उत्पादन बंद केलें. त्यांत एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत नेण्याची एक सोय होती. चरणजितसिंगांनीं ती ऐकली आणि तींत त्यांस मींड दिसली.

तबकडी खपली नाहीं. पुढें १९८७ सालीं शिकागोच्या काहीं कृष्णवर्णीय तरुणांनीं अडगळींत गेलेल्या त्याच यंत्राचे कान पिळून 'अ‍ॅसिड हाऊस' नामक नृत्यसंगीत निर्माण केलें व पाश्चात्त्य जग त्यावर नाचूं लागलें. एदो बौमन या डच संग्राहकास २००२ मध्यें दिल्लीच्या एका दुकानांत चरणजितसिंगांची तबकडी सांपडली. २०१० मध्यें त्यांनीं ती पुनः प्रकाशित केली, आणि एकच गवगवा झाला, कीं या संगीताचा जनक मुंबईचा! आम्हांस हा दावा मान्य नाहीं. शिकागोच्या मुलांनीं ही तबकडी ऐकली होती असें मानण्यास आधार नाहीं; एकाच यंत्रानें दोन दूरच्या माणसांस दोन वाटांनीं एकाच ठिकाणीं नेलें, एवढेंच खरें. पहिलेपणाच्या मानाकरितां भांडण्यापेक्षां, सत्तरीच्या उंबरठ्यावर त्या गृहस्थांस युरोपांत जाऊन आपले राग वाजवितां आले, याचा आनंद मोठा. २०१५ मध्यें ते निवर्तले.

येथें एका कबुलीवांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. अहमदाबादच्या फिती इंग्रजानें शोधल्या, मुंबईची तबकडी डच माणसानें. आम्ही मराठी लेखक तेवढा काळ काय करीत होतों? घराण्यांच्या भांडणांवर रकानेच्या रकाने भरीत होतों, नाट्यपदांच्या आठवणी काढून गहिंवरत होतों, आणि ज्या घरांत बसून हें लिहीत होतों तेथेंच गायनाच्या शिकवणीस मिरजेच्या तानपुऱ्याऐवजीं बंगळूरचा विजेचा तानपुरा गुणगुणत होता, तिकडे आमचें लक्षही नव्हतें. मिरजेच्या तानपुऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु कारागिराचें गिऱ्हाईक त्या छोट्या खोक्यानें किती नेलें, याचा हिशेब कोणा समीक्षकानें मांडल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. ज्याला आपण कमअस्सल म्हणतों, त्याचा इतिहास लिहावयाचा नाहीं अशी आपली रीत. मग तो दुसऱ्यांनीं लिहिला म्हणजे कौतुकानें मान डोलवावयाची.

असो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या वादकास शोधीत गेलों. जवळच्याच एका गांवीं त्याचें दोन खोल्यांचें घर. बाप बँडपथकांत क्लॅरिनेट वाजवीत असे. मुलानें नव्वदच्या सुमारास पहिला 'कॅसिओ' घेतला. घड्याळें व गणकयंत्रें करणाऱ्या या जपानी कंपनीनें १९८० पासून स्वस्त स्वरपेट्या विकावयास काढल्या, आणि वऱ्हाडांत त्या जातीच्या प्रत्येक वाद्यास तेंच नांव पडलें. मग तें कोणाही कंपनीचें असो. बापलेकांत वर्षभर अबोला होता, असें तो हंसत सांगूं लागला. एका कॅसिओनें पथकांतील पांच माणसें घरीं बसविलीं, ही बापाची तक्रार. आणि ती खोटी नव्हती हें त्यानेंच कबूल केलें. पुढें म्हातारा मऊ झाला, संध्याकाळीं जवळ बसूं लागला, आणि क्लॅरिनेटवर नागीण कशी वळवावी तें त्यानें मुलास पट्ट्यांवर दाखविलें. पेटीच्या डाव्या बाजूस स्वर वांकविण्याचें एक चाक असतें. त्यावर अंगठा किती व केव्हां दाबावा, हें बापानें हात धरून शिकविलेलें. त्यानें तें वाजवून दाखविलें. कर्णे नव्हते, ढोल नव्हता. पेटीच्या पोटांतल्या लहानशा भोंग्यांतून ती धून निघाली, आणि आदल्या रात्रीं न कळलेली तिची एकेक वळवणी आम्हांस स्पष्ट ऐकूं आली.

बोलतां बोलतां त्यानें फडताळांतून एक पत्र्याचा डबा काढला. त्यांत चौकोनी फ्लॉपी तबकड्या होत्या, तीस-पस्तीस तरी असाव्यात. प्रत्येकीवर बॉलपेनानें लिहिलेलें: 'हळद', 'वरात मोठी', 'भीमजयंती', 'गणपती विसर्जन'. आपल्या दुसऱ्या पेटींत त्यानें स्वतः बसविलेल्या चाली व ठेके त्यांवर उतरवून ठेविले होते. ती पेटी कधींच मोडली. तसल्या तबकड्या वाचणारें यंत्र त्याला अमरावतींत मिळालें नव्हतें, अकोल्यासही नाहीं.

आम्हांस रिद्धपुरची आठवण झाली. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत झांकून ठेविले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे प्रभृति संशोधकांनीं त्यांची किल्ली मिळवीपर्यंत बाहेरच्या जगास ते मुके होते. पण ती किल्ली पंथांत कोणाजवळ तरी होती. मूळ लीळाचरित्र धाडींत नाहींसें झालें तेव्हां हिराइसेसारख्यांनीं तें स्मरणांतून पुनः उभें केलें, अशी परंपरा सांगते. आतां त्याच रिद्धपुरांत मराठी भाषेचें विद्यापीठ उभें राहिलें आहे. या डब्याविषयीं तेथें कोणाशीं बोलावें काय, असें आम्हीं वादकास विचारलें.

तो क्षणभर गोंधळला. "इद्यापीठात? याचं काय करतीन थे?" मग त्यानें 'हळद' लिहिलेली तबकडी काढली, पुसली, आणि आमच्या हातांत दिली. "याच्यातलं एक माह्या ध्यानात हाय," तो म्हणाला, आणि पेटी पुढें ओढून वाजवूं लागला.