इमान आणि शिक्का

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. सरदारांच्या कथा आमच्या तोंडी शोभत नाहीत, असे कोणी म्हणेल. पण विल्यम मार्शल या इंग्रज सरदाराने आयुष्यभर चाकरीच केली, आणि चाकरीचा हिशेब आम्हांला थोडाफार कळतो.

सन ११५२ मध्ये स्टीफन राजाने न्यूबरीला वेढा घातला, तेव्हा बालक विल्यम त्याच्यापाशी ओलीस होता. बापाने शब्द मोडला. पोराला फासावर चढवू, या धमकीवर, पोरे आणखी होतील, असा जबाब त्याने धाडला. राजालाच दया आली. पुढेही हा धाकटा मुलगा जमिनीविनाच राहिला. घोडा आणि तलवार एवढेच भांडवल.

११८९ साली वृद्ध दुसरा हेन्री ल मान्सहून माघार घेत होता. पाठलागावर खुद्द त्याचा मुलगा रिचर्ड. विल्यमने भाला रिचर्डच्या घोड्यात खुपसला आणि धन्याला वाचविले. काही आठवड्यांत हेन्री वारला, रिचर्ड राजा झाला. त्याने सूड घेतला नाही. उलट इझाबेल द क्लेअर या मोठ्या वारसदारणीशी विल्यमचे लग्न लावले. वेल्स व आयर्लंडातील वतन त्याच्या हाती आले. ११९९ मध्ये जॉन राजाने त्याला पेम्ब्रोकचा अर्ल केले. याच जॉनने पुढे त्याचे मुलगे ओलीस घेतले, तरी तो बंडखोरांना मिळाला नाही.

१२१५ साली सरदारांनी जॉनकडून मोठी सनद वदवून घेतली. पोपने ती लगेच रद्द ठरविली. पुढल्या वर्षी जॉन मेला. गादीवर नऊ वर्षांचा तिसरा हेन्री, देशात फ्रेंच फौज, आणि कारभारी सत्तरीच्या घरातला मार्शल. बाळराजाला स्वतःचा शिक्का नव्हता. तेव्हा मार्शलने आपला व पोपच्या वकिलाचा शिक्का लावून तीच सनद, राजावर पंचवीस सरदारांची देखरेख ठेवणारे कलम वगळून, पुन्हा जाहीर केली. बंडाचे निमित्तच त्याने काढून घेतले. १२१७ मध्ये लिंकनची लढाई जिंकल्यावरही सनद मागे घेतली नाही. पुन्हा एकदा काढली.

त्या सनदेतून राबणारे भूदास बहुतांशी बाहेरच राहिले, हे आम्ही विसरत नाही. पण आम्ही पुष्कळ करारांवर सह्या केल्या आहेत. नड पाहून वदवलेला करार धन्याची नड सरली की फाटतो. धन्याच्याच इमानी माणसाने, जिंकल्यावर, शिक्का मारलेला करार टिकतो.

मार्शल १२१९ मध्ये वारला. त्याचे पाचही पुत्र १२४५ पर्यंत औरस वारसाविना गेले. वतन वाटले गेले, कागद उरला.